हात खाली नकोत

रेवा, मागच्या रविवारी तू कॅमेऱ्यासमोर आपला दंड चिमटीत धरून हलवून दाखवलास आणि म्हणालीस, "आजी, हे लोंबणारं घालवायला घरच्या घरी काही सांग ना. पोटाचंही सांग." मागे तुझा दादा, नील, हसत होता. त्याने हसायला नको होतं. त्याचा टी-शर्ट कुठे ताणला जातो ते मला इतक्या लांबूनही दिसत होतं.

लिहून पाठवते, असं मी कबूल केलं. नेहमीप्रमाणे कागदाला समास आखला, एक आकडा घातला, आणि तिथेच थांबले. व्यायाम आठवायच्या आधी नलूताई आठवल्या. मला येतं ते सगळं त्यांनी शिकवलेलं, आणि त्यांच्याशिवाय ते सांगायला गेलं तर औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेसारखं वाटतं. तेव्हा आकडे राहू देत. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो म्हणून अक्षरं मोठी केली आहेत. घाई करू नका.

नलूताई आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, माझ्या समोरच्या दारात राहत. एका मुलींच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं शिवण शिकवलं होतं. उंची पाच फूट असेल नसेल. पदर कमरेला खोचलेला, आणि ब्लाउजवर डाव्या खांद्याजवळ कायम दोन टाचण्या आणि दोरा ओवलेली एक सुई. त्यांना मिठी मारायची तर उजवीकडून, हे इमारतीतल्या सगळ्या बायकांना अनुभवाने ठाऊक झालं होतं.

त्यांचं मराठी पक्कं इंदुरी. "मी गेली", "मी बोलली", मधेच "वो क्या है ना". माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं आणि घरी वडील जेवताना व्याकरण तपासत, त्यामुळे मला राहवत नसे. एकदा मी म्हटलं, "नलूताई, मी बोलली नाही, मी बोलले."

त्यांनी सुईतून दोरा ओढला आणि म्हणाल्या, "हो ना मॅडम, तुम्ही बोलले. मी तर बोलली." तेव्हापासून मी मॅडम झाले ती झालेच.

व्यायामाकडे त्या वळल्या सहासष्टाव्या वर्षी, खांदा जाम झाला तेव्हा. पाठीमागचा हुक लावता येईना. फिजिओथेरपिस्टने भिंतीशी करायचे तीन व्यायाम दिले. खांदा सुटला, आणि नलूताईंना शरीर म्हणजे काय ते एकदम समजलं, म्हणजे त्यांच्या पद्धतीने समजलं. "मॅडम, पोट म्हणजे अस्तर. वरून रेशीम लावा का काही लावा, अस्तर ढिलं तर सगळा ब्लाउज लोंबतो. आणि पाठ सरळ नाही ना, तर समजायचं मुंढा चुकला, बाही बसते तो गोल." त्यांनी कुणाच्या कमरेला टेप कधी लावली नाही. "टेप खोटं बोलते. पोट आत ओढलं की झालं. जुनाच ब्लाउज घाला, हुक काय म्हणतो ते ऐका."

आपल्याला आलं ते चार जणींना शिकवायचं ही शिक्षकांची खोड. त्यांनी गच्चीवर वर्ग घ्यायचा ठरवलं. इंदूरच ते, इमारतीत हिंदी बोलणारे जास्त, म्हणून खालच्या फाटकाजवळच्या फळ्यावर त्यांनी आपल्या टपोऱ्या अक्षरात हिंदीत लिहिलं: "कल सुबह सात बजे छत पर दंड। सभी महिलाएँ उपस्थित रहें।"

त्यांच्या मनात दंड म्हणजे खांद्यापासून कोपरापर्यंतचा हात. हिंदीत दंड म्हणजे शिक्षा.

दुसऱ्या दिवशी सातला गच्चीवर अकरा बायका हजर. सगळ्या गंभीर. दुसऱ्या मजल्यावरच्या सरोजजी नवऱ्याला सोबत घेऊन आल्या होत्या, आणि कुणी काही विचारायच्या आत त्यांनी कबुली दिली, "बहनजी, अचार की बरनियाँ मैंने ही रखी थीं यहाँ। आज ही हटा लूँगी। इसमें दंड किस बात का?" चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी लगेच सांगितलं की बाल्कनीतून पाणी सांडतं ते झाडांचं, मुद्दाम नाही. नलूताई एकेकीचं शांतपणे ऐकत होत्या. सगळ्यांचे गुन्हे सांगून झाल्यावर म्हणाल्या, "ठीक है, सबको माफ किया। अब सब दीवार के पास खड़ी हो जाओ।"

त्या अकरांपैकी सात जणी टिकल्या.

तर रेवा, दंडाचा पहिला व्यायाम हाच, भिंतीचा. भिंतीपासून हातभर लांब उभं राहायचं, तळवे खांद्याच्या उंचीवर भिंतीला टेकवायचे, कोपरं वाकवत नाक भिंतीजवळ न्यायचं आणि भिंत ढकलून परत यायचं. टाचेपासून डोक्यापर्यंत सरळ. कंबर मागे राहिली की नलूताई म्हणत, "ओ भिया, पुढचा भाग आला, मागचा दुकानातच राहिला." आठ वेळा, दम खाऊन पुन्हा आठ. दुसरा, पाण्याच्या बाटल्यांचा. थोडं पुढे वाकून कोपर बरगडीला चिकटवायचं आणि बाटली धरलेला हात मागे सरळ करायचा. तू जे हलवून दाखवलंस ना, बरोबर तिथे जाणवतं.

पोटासाठी फळी, म्हणजे तुमचं प्लँक. तुम्ही लोक ती जमिनीवर करता. आमच्या वयाच्या बायकांसाठी त्यांनी स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून करायची काढली होती, आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीचा ओटा होताच. कोपरं ओट्यावर, पाय मागे, अंग तिरप्या फळीसारखं ताठ. त्यात बायका श्वास रोखून धरतात आणि लाल होतात. त्यावर नलूताईंचा उपाय असा की फळीत असताना एकीने मोठ्याने पदार्थाची कृती सांगायची. बोलणाऱ्या बाईचा श्वास अडकत नाही. कृती संपेपर्यंत कुणी हलायचं नाही. त्यामुळे आमच्याकडे वेळ सेकंदात कुणी मोजत नसे. पोहे म्हणजे लहान फळी, भुट्ट्याचा कीस म्हणजे मोठी. मक्याची कणसं किसण्यापासून सुरुवात, आणि दूध घालून आटवेपर्यंत सगळ्यांचे पाय थरथरायला लागत.

सरोजजी लबाडी करत. त्यांची पाळी आली की, "दाल चढ़ाई, उतारी, बस।"

"बिना छौंक की दाल?" नलूताई ओरडत. "सरोजजी, अभी जीरा बाकी है, हींग बाकी है, हरा धनिया बाकी है! कोई नहीं हिलेगा!"

मी पहिल्याच आठवड्यात सगळ्या व्यायामांचा एक तक्ता केला. इंग्रजीत, वार, वेळ, संख्या, चुकले तर खूण करायला चौकट. मोठ्या जाड कागदावर. नलूताईंनी तो दोन्ही हातात धरून खूप कौतुक केलं. चार दिवसांनी त्यांच्याकडे गेले तर त्या कागदावर ब्लाउजची पुढची बाजू आणि अर्धी बाही कापलेली. "कागद फारच छान होता हो, मॅडम," त्या म्हणाल्या. मंगळवार बाहीत गेला होता.

सरोजजींच्या मुलीचं, पलकचं, लग्न ठरलं तेव्हाची गोष्ट तुझ्या कामाची आहे, रेवा. पलक सव्वीस वर्षांची, बँकेत नोकरी. लग्नाला वीस दिवस राहिले असताना ती नलूताईंकडे आली. कृष्णपुऱ्याजवळच्या टेलरने बिनबाह्यांचा ब्लाउज शिवून दिला होता आणि आरशात बघून ती रडवेली झाली होती. दंड चिमटीत धरून म्हणाली, "आंटी, बस ये बाजू पतले करवा दो। बाकी कुछ नहीं चाहिए।"

नलूताईंनी तिला पाटावर बसवून खरं ते सांगितलं. कापडात आपण म्हणू तिथून शिवणीतली जादा माया दाबतो, म्हणू तिथून कापतो. शरीरात तसं चालत नाही. चरबी कुठून आधी जाणार ते शरीर ठरवतं, तिथे कुणाची शिफारस लागत नाही. दंडाचे व्यायाम केले तर दंडाला ताकद येईल, आकार येईल, वीस दिवसांत थोडासाच. "कम खाके भूखी मरेगी तो स्टेज पर चक्कर खाके गिरेगी, और फोटो में वही आएगा."

पलकने तरीही एक दिवस सोडून एक दिवस व्यायाम केला. सकाळी ऑफिसच्या आधी, नलूताईंच्या ओट्याला टेकून, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये. नलूताईंनी त्या अवधीत तो ब्लाउज उसवला, मुंढा अर्धा इंच आत घेतला, खांदा बदलला. लग्नात प्रत्येक बाई म्हणत होती, पलक कशी बारीक झाली बघा. नलूताई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "बारीक कुठे झाली? सरळ झाली. वीस दिवसांत पहिल्यांदा पोरगी खांदे मागे टाकून उभी राहिली." मग त्यांनी रबडी घेतली. दोनदा.

खाण्यावर त्यांनी कधी बंदी घातली नाही. इंदुरात राहून पोहे-जलेबीला नाही म्हणणाऱ्या माणसावर माझा भरवसा नाही, असं त्या उघड म्हणत. अट एकच, पायी जाऊन खायचं. दर बुधवारी आम्ही तिघी, म्हणजे त्या, सरोजजी आणि मी, खजराण्याला गणपतीला पायी जात असू. येताना कोपऱ्यावर पोहे. सरोजजींनी एकदा परतीच्या वाटेवर रिक्षाला हात केला, तर नलूताईंनी तो हात धरून खाली घेतला आणि रिक्षावाल्याला सांगितलं, "जाओ भिया, ये तो कसरत कर रही हैं।"

अशी तीन-साडेतीन वर्षं गेली. आणि मग मागच्या दिवाळीच्या आधी ते झालं.

गच्चीवरच्या वर्गाला सणाची सुट्टी होती. सकाळी दहा वाजता मला समोरच्या कडीला अडकवलेली दुधाची पिशवी दिसली. नलूताईंचं दूध सातला आत जातं. माझ्याकडे त्यांची किल्ली होती. आत गेले तर त्या पलंगाशेजारी जमिनीवर बसलेल्या. पडल्या नव्हत्या, लागलं काही नव्हतं. दिवाळीची आवराआवर म्हणून पलंगाखालची ट्रंक ओढायला खाली बसल्या आणि मग उठता येईना. साडेसहापासून तिथेच. समोर फरशीवर शेकडो बटणं, रंगाप्रमाणे लावलेली.

"वेळ होता ना," त्या म्हणाल्या. "बटणं लावून घेतली."

मी आणि सरोजजींनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून उठवलं. त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. मग स्वतःशीच म्हणाल्या, "सगळा ब्लाउज शिवला आणि गळा कापायचा राहिला." खरंच होतं. भिंतीचे व्यायाम झाले, ओट्याचे झाले, खुर्चीचे, गादीवर पडून करायचे. जमिनीवर कुणी कुणाला बसवलंच नव्हतं.

मिलिंदला फोन मी केला. मिलिंद त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्यात इंजिनियर. करायला नको होता असं मला नंतर अनेकदा वाटलं, आणि केला नसता तरी वाटलं असतंच. नलूताई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दार वाजवून म्हणाल्या, "तुमच्यावाला फोन आला आहे, मिलिंदचा, चला," आणि मला आपल्या घरी घेऊन गेल्या. मोबाइल टेबलावर, स्पीकर लावलेला.

"आई, आता पुरे," मिलिंद म्हणत होता. "तिसरा मजला, लिफ्ट नाही, एकटी राहतेस. पुण्याला ये. फ्लॅटला गिऱ्हाईक मी बघतो."

"मी तिकडे काय करू रे? बाराव्या मजल्यावर बसून खालच्या गाड्या बघू?"

"आणि तिथे जमिनीवर बसून बटणं लावतेस त्याचं काय?"

नलूताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

"मला सहा महिने दे," त्या म्हणाल्या. "नाही जमलं तर सामान बांधते. जमलं तर तू माझ्या घराचं नाव नाही काढायचं."

संध्याकाळी मिलिंदचा मेसेज आला. त्यांनी चष्मा पुसून मला मोठ्याने वाचून दाखवला: "ठरलं. मेमध्ये येतो. जमिनीवर बसून माझ्यासमोर उठून दाखवायचं. अट एकच, हात खाली नकोत. जमलं तर पुन्हा विषय काढणार नाही."

"बघा मॅडम, किती पक्का आहे," त्या म्हणाल्या. "नुसतं उठून नाही चालणार म्हणतो. हात खाली नकोत. हातात काहीतरी पाहिजे."

मी मान हलवली. मला ते क्रूर वाटलं, पण चुकीचं काही वाटलं नाही. जन्म इंदुरात गेला माझाही. सरोजजींना कळलं तेव्हा त्यांनी गालांवर हात ठेवले. "हाय राम, सगी माँ के साथ ऐसी शर्त!"

आता पणाला घर लागलं होतं. त्या घरात त्यांनी संसार केला होता, नवऱ्याचं आजारपण काढलं होतं, खिडकीजवळ शिवणाची मशीन होती आणि गच्चीवर वाट बघणाऱ्या सात जणी. नलूताईंनी विनोद करणं सोडलं नाही, पण सकाळी सातच्या ऐवजी सहाला गच्चीवर येऊ लागल्या.

सुरुवात खुर्चीपासून. हातांची घडी घालून खुर्चीतून उठायचं, बसायचं. मग खुर्चीऐवजी मोडा, वेताचं बुटकं आसन. मग एकावर एक चार पाट. दर पंधरवड्याला एक पाट काढायचा. मागे सरोजजी उशी घेऊन उभ्या, पडल्या तर उशी आधी पोहोचावी म्हणून. मी समोर, मोजायला. दोन पाटांवर गाडी महिनाभर अडली. "गुडघा म्हणतो मी नाही, पोट म्हणतं मी नाही, दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात," त्या म्हणाल्या. "सरकारी ऑफिस झालंय." मग पोटावर जास्त काम झालं. पाठीवर पडून, गुडघे वाकवून, श्वास सोडत बेंबी आत घ्यायची आणि एक-एक पाऊल उचलायचं. दिसायला काहीच नाही, पण करून बघ.

रंगपंचमीच्या सकाळी, खाली रस्त्यावर रंगाच्या गाड्या निघायच्या आधी, त्या सतरंजीवर बसल्या, एका बाजूला वळल्या, गुडघ्यांवर आल्या, एक पाऊल पुढे रोवलं आणि उभ्या राहिल्या. कुठेही हात न टेकता. सरोजजींनी उशी वर उडवली. मी चक्क शिट्टी वाजवायचा प्रयत्न केला.

"थांबा, थांबा," नलूताई धापा टाकत म्हणाल्या. "हात तर खालीच आहेत अजून."

म्हणून मग बाटल्या. आधी अर्ध्या भरलेल्या, मग पूर्ण. गंमत म्हणजे हातातलं वजन पुढे धरलं की तोल उलट सोपा जातो, हे आम्हाला तेव्हा कळलं. एप्रिल संपेपर्यंत त्या दोन्ही हातात लिटर-लिटरच्या बाटल्या घेऊन उठत होत्या. आणि बाटल्या मुलाला दाखवणं त्यांना प्रशस्त वाटेना. "पोरगा इतक्या दिवसांनी येतोय. हातात पाणी कशाला?"

मेच्या दुसऱ्या आठवड्यात मिलिंद आला. तिसऱ्या मजल्यावर पोहोचल्यावर दारातच थांबला, चौकटीला हात लावून. उकाडा फार आहे, म्हणाला. अठ्ठेचाळीस वर्षांचा, चांगला उंच, आणि शर्टाची खालची दोन बटणं श्रम करत होती. नलूताईंनी त्याला सोफ्यावर बसवलं. सरोजजी आणि मी स्वयंपाकघराच्या दारात. नलूताईंनी मधोमध सतरंजी अंथरली, एका हातात पोह्यांची ताटली घेतली, वर शेव, कोथिंबीर सगळं, दुसऱ्या हातात जलेबीची, आणि त्या खाली बसल्या.

"आई, हे काय?"

"गप बस आणि बघ."

त्या वळल्या. गुडघ्यांवर आल्या. उजवं पाऊल पुढे. इथे एक क्षण त्या थांबल्या, आणि सरोजजींनी माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर निळा झाला. मग त्यांनी श्वास सोडला आणि उठल्या. शेवेचा एक कणही पडला नाही. चार पावलं चालत गेल्या आणि दोन्ही ताटल्या मिलिंदच्या समोर धरल्या. "घे."

मिलिंद ताटल्यांकडे बघतच राहिला. "अगं पण... ताटल्या कशाला?"

"कशाला म्हणजे? तूच लिहिलंस ना, हात खाली नकोत."

मिलिंदचं तोंड उघडं राहिलं. "आई! हात खाली नकोत म्हणजे जमिनीला टेकायचे नाहीत!"

मग ते वाक्य माझ्या डोक्यात पहिल्यांदा मराठीत वाजलं आणि मी खाली बघितलं. सहा महिने. मी, वडिलांची व्याकरणाची लेक.

"मग टेकायचे नाहीत असं लिहायचं ना," नलूताई म्हणाल्या. "खाली म्हणजे रिकामे."

"ते हिंदीत!"

"इंदुरात," नलूताई म्हणाल्या. "तीस वर्षं पुण्यात राहून तुझं मराठी बिघडलं आहे."

मिलिंद इतका हसला की त्याला ठसका लागला. सरोजजींना मी सगळं हिंदीत समजावलं तेव्हा त्यांना हसावं की रडावं कळेना. "मतलब होली पे ही पास हो गई थीं?"

"हरलो बुवा," मिलिंद डोळे पुसत म्हणाला. "हे मलासुद्धा जमणार नाही."

"बस बघू," नलूताई म्हणाल्या.

"कुठे?"

"सतरंजीवर. खाली हात घेऊन बस, तुझ्या मराठीत का माझ्या मराठीत ते तुझं तू बघ."

तो हसत हसत बसला. हसत हसत उठायला गेला. एक हात टेकला, मग दोन्ही. गुडघ्यावर आला आणि परत बसला. दुसऱ्यांदा सोफ्याचा पाय धरला. तो हसत होता, पण आता आवाज येत नव्हता आणि कपाळावर घाम होता. शेवटी सोफ्यावर छाती टेकून कसाबसा वर आला.

"डॉक्टरही हेच म्हणतात," तो म्हणाला.

"कोण डॉक्टर? कधी?"

"झालं वर्ष. शुगर आहे थोडी. बीपी आहे. तुला उगीच काळजी, म्हणून..."

नलूताईंनी जलेबीची ताटली उचलली आणि फ्रिजच्या वर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर भिंतीचे व्यायाम झाल्यावर त्यांनी जाहीर केलं, "मी पुण्याला जाते."

सरोजजी भिंतीला तसेच हात लावून उभ्या. "जीतकर भी?"

"जीतकर ही. हारून गेली असती तर त्याच्याकडे सामान म्हणून राहिली असती. आता मास्तरीण म्हणून जाते." मग माझ्याकडे वळून, "घर विकायचं नाही, तोंडाने कबूल केलंय त्याने, तुम्ही साक्षीदार. किल्ली तुमच्याकडे. बायकोची नोकरी, याची नोकरी, बाराव्या मजल्यावर दोघं लिफ्टने जातात-येतात. पोराचं अस्तर पार उसवलंय, मॅडम."

"किती दिवस?"

"त्याचा हुक काय म्हणतो त्यावर."

निघायच्या दिवशी बाकी सामान खाली गेलं होतं. राहिली होती शिवणाची मशीन, जुनी, लोखंडी, हाताने फिरवायची. मिलिंद म्हणाला, कुरियरने मागवू. नलूताई म्हणाल्या, ती उभीच जाईल, आडवी नाही. मग त्याने ती छातीशी धरून उचलली आणि जिना उतरायला लागला. नलूताई पाठोपाठ. मी निरोप देऊन वर कठड्याशी उभी राहिले, तिथून जिन्याची वळणं खालपर्यंत दिसतात.

दुसऱ्या मजल्याच्या थोडं अलीकडे मिलिंदची पावलं हळू झाली. एका पायरीवर त्याने दोन पाय ठेवले. श्वासाचा आवाज मला वरपर्यंत येत होता. तो थांबला नाही, आई मागे होती.

"थांब रे मिलिंद," नलूताई म्हणाल्या. "मला दम लागला."

तो लगेच थांबला. मशीन पायरीवर ठेवली, भिंतीला पाठ लावली. "बस, आई, बस. घाई नाही काही. मी आहे ना."

नलूताई पायरीवर बसल्या. छातीवर हात ठेवला आणि तोंडाने हलका हलका श्वास घ्यायला लागल्या. त्या बाईला मी आदल्या बुधवारी खजराण्याला जाऊन-येऊन गात जिना चढताना पाहिलं होतं. मिलिंद त्यांच्या शेजारी बसला आणि बाहीने कपाळ पुसत राहिला. दोघं तसेच बसून होते, त्याचा श्वास खाली बसेपर्यंत.

मग नलूताईंनी दोन्ही हातांनी कठडा पकडला आणि "अगं बाई गं" असं म्हणत, म्हाताऱ्या बाईसारखा जोर लावत, हळूहळू उठल्या.